शालूताईंच्या घरचं पाणी

शालूताई राऊतांना मी पाहिलं फार उशिरा. ऐकलं होतं त्याच्या बरंच आधी.

नोकरीच्या निमित्तानं वसईत राहायला आलो तेव्हा घरी फोन नव्हता. फलटणजवळच्या आमच्या गावी वडील अंथरुणाला खिळले होते. पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा, बाकावर बसून वाट बघायची आणि नंबर लागला की खोक्यात शिरून ओरडायचं. मधल्या बाईंचा आवाज यायचा, "फलटण मिळालंय. बोला." थोड्या वेळानं तोच आवाज म्हणायचा, "तीन मिनिटं झाली. वाढवू?" त्या आवाजात सरकारी कोरडेपणा नव्हता आणि उगाचची गोडीही नव्हती. एकदा पलीकडे आई किराणावाल्याच्या दुकानात उभी राहून रडत होती, इकडे मी रडत होतो आणि दोघांनाही बोलता येत नव्हतं. त्या दिवशी तीन मिनिटं झाल्याचं कुणी सांगितलंच नाही. बऱ्याच वेळानं मध्येच हळू आवाज आला, "साहेब, आता आईंना घरी जाऊ द्या. त्यांना अंधार पडेल."

त्या बाई कोण हे विचारायचं मला सुचलं नाही. पुढे वडील गेले, घरी फोन आला, नंबर फिरवला की थेट लागायला लागला आणि तो आवाज माझ्या आयुष्यातून गेला.

तो परत आला नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, बस्त्यावमामांच्या ओटीवर.

बस्त्याव लोपीस हे आमच्या गोड पाणी समितीचे अध्यक्ष. केळीचे बागायतदार, पांढऱ्या मिशा, रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले की इस्त्रीच्या शर्टावर तसेच समितीच्या बैठकीला बसायचे. समितीचं काम एका वाक्यात सांगता येईल. स्टेशनच्या बाजूला इमारती उगवत होत्या, त्यांना नळाचं पाणी पुरत नव्हतं, म्हणून पश्चिमेच्या गावांतल्या वाड्यांतून विहिरींचं पाणी टँकरनं उपसून तिकडे जात होतं. समुद्र इतका जवळ, की गोडं पाणी उपसलं की खालून खारं त्याची जागा घेतं. एकदा विहीर खारट झाली की केळ जाते, पानवेल जाते, मोगरा जातो. हा उपसा थांबवायचा, एवढंच आमचं म्हणणं.

आणि मी? मी त्या इमारतींपैकीच एकीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. सकाळी टँकरची घरघर ऐकू आली की बायको बादल्या लावायची. कुणाच्या तरी विहिरीनं मी रोज अंघोळ करतो, हे कळल्यापासून मला स्वस्थ बसवेना. म्हणून समितीत गेलो. बँकेतला माणूस, चार ओळी लिहिता येतात म्हणून त्यांनी मला प्रसिद्धीप्रमुख केलं. माझं एकही पत्रक छापून आलं नाही. ती चार-चार पानांची असत आणि पहिलं पान मी स्वतः कसा अपराधी आहे हे सांगण्यात जाई.

"पवार," बस्त्यावमामा एकदा पत्रक वाचून म्हणाले, "तू हे पेपरवाल्यांना लिहितोस का फादरला? हे तर कन्फेशन झालं."

शेवटी त्यांनीच तोड काढली. टेलिफोन एक्स्चेंजमधून नुकत्याच निवृत्त झालेल्या गिरीज गावच्या एक बाई आहेत, त्या हे काम बघतील आणि मी त्यांना मदत करायची. मला सुटल्यासारखं वाटलं आणि सुटल्यासारखं वाटल्याचं वाईटही वाटलं. माझा स्वभावच तसा आहे.

आमच्या समितीत नव्या पदाधिकाऱ्याला हार-नारळ देत नसत. चिटणीस हरेश्वर मास्तरांनी घालून दिलेली पद्धत अशी, की प्रत्येक सभासदानं आपापल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायचं आणि नव्या माणसानं प्रत्येकाचं घोटभर प्यायचं. त्यानं आपल्या विहिरीचं आणायचं आणि ते सगळ्यांनी प्यायचं. "भाषणं ऐकून काय कळतंय?" मास्तर म्हणत. "जिभेला कळलं पाहिजे, काय चाललंय ते." आणि कळायचं. एकाचं पाणी शहाळ्यासारखं, एकाचं नुसतंच थंड, एकाचं मचूळ. तो घोट प्यायल्यावर ज्याची विहीर त्याच्या तोंडाकडे बघवत नसे.

त्या रविवारी ओटीवर सतरंजी अंथरली होती. मधोमध बाटल्या मांडलेल्या. बस्त्यावमामांनी आणलेली बाटली मुळात ब्रँडीची होती आणि लेबल पूर्ण निघालेलं नव्हतं. शालूताई समोर बसल्या. साठीच्या आत-बाहेर, सावळ्या, ठेंगण्या, केसांत घरचा मोगरा, डाव्या कानाची पाळी किंचित चेपलेली. आयुष्यभर कानाला लावलेल्या हेडफोनची ती खूण, हे मला नंतर कळलं. त्यांनी एकेक घोट घेतला. ब्रँडीच्या बाटलीशी थांबल्या.

"मामा, ही विहीर कुठली?"

"पी गं बाय, विहीर आपलीच हाय. बाटली जावयाची."

सगळे हसले. आणि तेवढ्या बोलण्यातून मला तो आवाज ओळखू आला. माझी पाळी आली तेव्हा मी कोल्ड्रिंकची बाटली पुढे करत म्हणालो, "माझ्याकडे विहीर नाही. हे टँकरचं आहे. माफ करा."

बाकीच्यांचं त्यांनी घोट-घोट घेतलं होतं. माझी बाटली मात्र त्यांनी तोंडाला लावली आणि शांतपणे संपवली.

"माफी कसली? इथल्याच कुणाच्या तरी घरचं आहे," त्या म्हणाल्या. मग पदराला तोंड पुसून मास्तरांकडे वळल्या. "मी माझं पाणी आणलेलं नाही. का नाही आणलं ते सांगते आणि मग तुम्ही ठरवा. आमच्या विहिरीवर टँकर भरतो. माझा भाऊ दत्तू, तो भरू देतो. मी त्याच घरात राहते. त्याला मी सांगितलंय, जोवर टँकर भरतोय तोवर आपल्या घरचं पाणी मी त्या ओटीवर नेणार नाही. आता चालणार असेल तर काम करते. नसेल तर चहा घेऊन जाते."

हरेश्वर मास्तरांनी चष्मा काढला. "म्हणजे टँकरवाल्याच्या घरातली प्रसिद्धीप्रमुख? बस्त्याव, लोक काय म्हणतील?"

"मास्तर, पवार तर टँकरचाच पितो. त्याला हाकलला काय आपण?"

मी मान खाली घातली. शालूताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, तुम्ही वर बघा. तुमच्यामुळे माझी नोकरी पक्की झाली."

अशा त्या आमच्यात आल्या.

दत्तू त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली, त्याला शालूताईंनीच वाढवला, त्याच्यासाठी लग्न केलं नाही असं गावात बोलत. त्या स्वतः असं कधी म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणत, "मला दत्तूशिवाय जेवायची सवय नाही." समितीचं काम घेतलं त्या दिवसापासून दत्तूनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. पाट दोन मांडले जात, जेवणं समोरासमोर होत, शब्द नाही. समितीत बाकी कुणाचं काय जाणार होतं? कुणाची केळ, कुणाची वेल. शालूताईंचं ताटासमोरचं माणूस जाणार होतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी आम्ही दर आठवड्याला त्यांच्याकडे नवं पत्रक मागत होतो.

त्यांची काम करायची तऱ्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नसती. त्या पत्रक पाठवतच नसत. फोनवर वाचून दाखवत. बस्त्यावमामांच्या घरातल्या फोनशी बसायच्या, मुंबईच्या वर्तमानपत्राचा नंबर फिरवायच्या आणि उपसंपादकाला आधी विचारायच्या, "जेवलात का?" तो गोंधळून हो म्हणायचा. "मग आता लिहून घ्या. तीन मिनिटं लागतील." आणि खरंच तेवढ्यात संपायचं. पुढे पुढे तोच विचारायला लागला, "ताई, तुम्ही जेवलात का?"

मी कच्चं लिहायचो, त्या खोडायच्या. माझं सगळ्यात आवडतं वाक्य त्यांनी पहिल्याच आठवड्यात खोडलं. "आम्ही शहरवासीयांनी आत्मपरीक्षण करण्याची वेळ आली आहे."

"हे कुणाला सांगताय?" त्यांनी विचारलं.

"वाचकांना."

"वाचकाला पाणी कुठलं, जातंय कुठे, थांबवणार कोण, एवढं सांगा. ट्रंक कॉलवर माणूस आधी रडला की तीन मिनिटं रडण्यातच जातात. बाबा गेले की वाचले, ते सांगायचं राहतं. आधी निरोप, मग रडणं."

"सॉरी," मी म्हणालो.

"हे पण खोडा."

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं हा एक सोहळा असे. वसईच्या मासळी बाजारात त्यांनी एकदा बोंबलांचा भाव विचारला. टोपलीमागची म्हातारी कोळीण खाली बघून हिशेब करत होती, ती एकदम ताठ झाली. "बाय, तू टेलिफोनवाली ना? आवाज वळखला मी! माझ्या पोराचा दुबईचा फोन तू लावून द्यायचीस."

"मोठा का धाकटा?" शालूताईंनी विचारलं.

"मोठा. तू मला सांगायचीस, मावशे, पोरगा हाय लायनीवर, रडू नको, आधी इचार जेवला काय." आणि म्हातारीनं चार बोंबील जास्तीचे टाकले. शालूताईंनी ते नाही म्हटले नाहीत. वाटेत मला म्हणाल्या, "चेहरा बघून कुणी ओळखत नाही हो मला. तोंड उघडलं की सगळं गाव माझं."

मग मी त्यांना फलटणच्या कॉलबद्दल सांगितलं. तेव्हा धन्यवाद द्यायचे राहिले, ते आता देतो म्हणालो. "मला नाही आठवत," त्या म्हणाल्या. "असे खूप होते. आई पोचल्या ना अंधाराच्या आत?"

"पोचली."

"मग झालं."

आता तो टँकर अडवण्याचा दिवस. आजही समितीच्या जुन्या मंडळींत त्याच्यावरून हसू आणि भांडण दोन्ही होतं.

ठरलं असं, की एका सोमवारी सकाळी गावातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर आडवं बसायचं. टँकर अडवायचे. वर्तमानपत्रवाले येतील, फोटो निघतील. कळवण्याची जबाबदारी अर्थातच शालूताईंची. सोमवारी आम्ही सकाळीच रस्त्यावर बसलो. बाया डोक्यावर रिकामे हंडे घेऊन आल्या. मास्तरांनी घोषणा दिल्या. फोटोग्राफर दोन आले. टँकर मात्र एकही आला नाही. ऊन चढलं. एक कुत्रं येऊन आमच्यात बसलं. एक बेकरीवाला सायकलवरून आला, त्याला आम्ही सवयीनं अडवला आणि मग पाव घेऊन सोडला.

"झालं काय?" मास्तर म्हणाले. "कुणी फोडली बातमी?"

"फोडली नाही. मी कळवलं," शालूताई म्हणाल्या.

"कुणाला?"

"सगळ्यांना. पेपरांना, पोलिसांना, टँकरवाल्यांना. दत्तूला घरी सांगितलं."

मास्तर उभेच राहिले. "अहो बाई, ज्यांना अडवायचं त्यांनाच निरोप?"

शालूताई खरोखरच गोंधळल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. एका टोकाला माणूस बोलतोय तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवं. "दोन्ही टोकांना कळवल्याशिवाय कॉल लागत कसा?" त्या म्हणाल्या. मग चोहीकडे बघून हळूच, "पण मास्तर, अडवायचेच होते ना टँकर? अडले की."

बस्त्यावमामा आधी हसले. मग बाया हसल्या. फोटोग्राफरनं मोकळ्या रस्त्याचा फोटो काढला, मधोमध कुत्रं. दुसऱ्या दिवशी तोच छापून आला. खाली शालूताईंनी सांगितलेला मजकूर शब्दाला शब्द होता: आज या रस्त्यावरून एकही टँकर गेला नाही, विहिरींनी एक दिवस श्वास घेतला. मास्तरांनी ते कात्रण जपून ठेवलं, पण चूक ती चूकच, असं शेवटपर्यंत म्हणत राहिले.

त्या दिवशी आमच्या इमारतीत मात्र थेंब नव्हता. संध्याकाळी घरी गेलो तर सुमन, माझी बायको, रिकाम्या बादल्यांच्या रांगेत उभी. जिन्यावर चार-पाच बायका.

"आलात? आता घोषणा प्या," सुमन म्हणाली.

मी पुन्हा पुन्हा माफी मागत राहिलो, त्यानं ती आणखी चिडली. दुसऱ्या दिवशी हे मी शालूताईंना सांगितलं. त्यांनी चप्पल घातली आणि माझ्याबरोबर आल्या. जिन्यातच बसल्या. बायका तोंडाला येईल ते बोलल्या. आम्ही काय विहिरी चोरायला आलो का, आम्ही घराचे पैसे भरलेत, लहान पोरं आहेत, तुमच्या केळींना पाणी आणि आमच्या पोरांना नाही? शालूताई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. सगळ्या थकल्यावर त्यांनी ऐकलेलं परत सांगितलं, ऑपरेटर नंबर परत वाचून खात्री करून घेतो तसं. "तुमचं म्हणणं असं, की नळ देऊ म्हणून घर विकलं आणि नळ दिला नाही. टँकर हौसेनं नाही, नाइलाजानं घेता. पोराला ताप होता आणि काल पुसायला पाणी नव्हतं. बरोबर?"

"बरोबर," सुमन म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "चहा घ्याल? पण दूधच आहे, पाणी नाही."

"मग दूध द्या."

पुढच्या पत्रकात त्यांनी हे सगळं घातलं. समितीत गदारोळ झाला. आपल्या पत्रकात त्यांचं गाऱ्हाणं कशाला? शालूताई म्हणाल्या, "नुसतं टँकर बंद करा म्हटलं तर तिसऱ्या मजल्यावरची बाई आपल्यावर दात खाणार. टँकर बंद करा आणि त्यांना धरणाचा नळ द्या, असं म्हटलं तर तीही हंडा घेऊन येईल." सुमन आली. पुढच्या मोर्चात ती बस्त्यावमामांच्या बायकोच्या शेजारी चालत होती. मी मागे होतो.

आणि दत्तू?

शालूताईंचा एक नेम होता. कुठलंही पत्रक फोनवर सांगायच्या आधी त्या ते घरी ओटीवर बसून मोठ्यांदा वाचत. दत्तू समोर बसून विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत असे. त्यानं ऐकलं की नाही हे त्याच्या तोंडावरून कळत नसे. वाचून झालं की त्या म्हणत, "हे जाणार आहे, दत्तू." तो दोरा दातांनी तोडे. एवढाच त्यांचा संवाद. निदान मी पाहिला तेवढा.

एकदा मोठ्या वर्तमानपत्रानं विहिरींवर सविस्तर मजकूर मागितला. कुठल्या विहिरीवर किती टँकर भरतात, मालक कोण, सगळं. समितीनं नावं द्यायचं ठरवलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, शालूताईंकडे कुणी पाहिलं नाही. मी मजकूर लिहून गिरीजला गेलो. दुपार होती. वाडीत केळींच्या आड पंप चालू होता. शालूताईंनी कागद घेतला आणि ओटीवर बसून वाचायला लागल्या. बाकी सगळी नावं होती. राऊतांच्या विहिरीच्या जागी मी लिहिलं होतं, 'गिरीज येथील एक बागायतदार'. मला वाटलं होतं, मी त्यांच्यावर उपकार करतोय.

त्या तिथे अडखळल्या. पुन्हा तेच वाचलं. मग कागद मांडीवर ठेवला.

जुडी बांधता बांधता दत्तू बोलला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "एक बागायतदार म्हंजे कोन?"

शालूताईंनी कागदावरून मान वर केली. "तू."

"मग माझा नाव लिव."

"दत्तू…"

"बाकीच्यांची नावं लिवलीस आन आपल्या घराचा नाय? लोक काय बोलतील? शालू भावाला पाठीशी घालते. मला शिव्या देतील त्या दे. तुला खोटी नाय बोलायचे कोनी." त्यानं जुडी टोपलीत टाकली. "पंप मी बंद करनार नाय. पोरीच्या लग्नाला लागतेत पैशे. पन नाव लिव."

आणि तो उठून आत गेला. शालूताईंनी माझ्याकडे हात केला. मी पेन दिलं. त्यांनी माझे शब्द खोडले आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: दत्ताराम राऊत. खोडताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या अक्षरावर पडू नये म्हणून त्यांनी कागद लांब धरला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

संध्याकाळी फोनवर मजकूर सांगताना तो भाग त्यांनी त्याच आवाजात सांगितला. उपसंपादकानं विचारलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "हो. राऊतच. माझा सख्खा भाऊ. नाव बरोबर घ्या."

छापून आल्यावर दत्तू बोलायला लागला म्हणाल तर नाही. पण त्या दिवशी जेवताना त्यानं स्वतःच्या ताटातली तळलेल्या मासळीची तुकडी शालूताईंच्या ताटात टाकली. हे मला त्यांनी बाजारातून येताना सांगितलं, एखादी मोठी बातमी सांगावी तसं.

पंप चालूच राहिला. मुलीचं लग्न झालं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात राऊतांची विहीर मचूळ झाली. टँकरवाल्यानं पाणी चाखलं, थुंकलं आणि पुढच्या वाडीकडे गेला. दत्तूनं वेली उपटल्या. मास्तर म्हणाले, आता तरी त्याला कळलं असेल. शालूताई म्हणाल्या, "मास्तर, ज्याची विहीर जाते त्याला कळवावं लागत नाही." त्या आठवड्याचं पत्रक त्यांनी मला सांगायला लावलं. त्यांना घरी लवकर जायचं होतं.

पुढची काही वर्षं मोर्चे, निवेदनं, कोर्ट, बैठका यांत गेली. आम्ही जिंकलो असं मी म्हणणार नाही. पण धरणाचं पाणी हळूहळू आलं, आमच्या इमारतीत नळ वाहू लागला. टँकर कमी झाले, गेले नाहीत. शालूताई थकल्या. दम लागायचा, बोलताना मध्ये थांबावं लागायचं. त्यांनी स्वतःच बस्त्यावमामांना सांगितलं, "माझा आवाज आता तीन मिनिटं टिकत नाही. दुसरं कुणी बघा."

दुसरी मिळाली, वीणा नावाची, वालीवच्या एका कारखान्यात हिशेब बघणारी मुलगी. तिच्या स्वागतासाठी पुन्हा त्याच ओटीवर सतरंजी पडली. बस्त्यावमामांच्या मिशा विरळ झाल्या होत्या, ब्रँडीची बाटली मात्र तीच. वीणा एकेक घोट घेत होती. माझ्या बाटलीपाशी शालूताईंनी हात पुढे केला. "ही आधी मला."

"नळाचं आहे," मी म्हणालो.

त्या थांबत थांबत प्यायल्या. सगळं संपवलं. "ह्यात गिरीजची कुठलीच विहीर नाही," त्या म्हणाल्या. "पवार, तुम्हाला आता माफी मागायला काही उरलं नाही. दुसरं काहीतरी शोधा."

सगळे हसले. मीही हसलो.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. दत्तू आत आला. डोक्याचे केस पार गेलेले, हातात झाकण लावलेला पितळी तांब्या. त्या ओटीवर तो कधी आलेला नव्हता. उंबऱ्याशी थबकला, चपला काढल्या आणि तांब्या मधोमध, बाटल्यांच्या रांगेत ठेवला.

"आमच्या घरचा पानी," तो म्हणाला. कुणाकडे बघत नव्हता. "चार पावसाळे उपसा नाय केला. अजून थोडा खारा लागतो. पन पिता येतो."

मग हरेश्वर मास्तर उठले, गुडघ्यावर हात टेकत, तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतलं आणि पहिला घोट स्वतः घेतला. फुलपात्र फिरलं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी प्यायलो. मागे किंचित मिठाची चव होती आणि तळाशी, खूप खाली, गोडी. वर्षानुवर्षं टँकरमधून माझ्या बादलीत आलेली हीच गोडी असेल का, माहीत नाही. वीणानं घोट घेतला, नकळत तोंड वाकडं केलं आणि मग राहिलेलं सगळं पिऊन टाकलं. शेवटी फुलपात्र पुन्हा भरून शालूताईंपाशी गेलं. ते रिकामं करून त्यांनी भावाकडे पाहिलं.

"दत्तू, जेवलास का?"

"तू कुठे जेवलीस अजून?" तो म्हणाला. "चल."

मी फाटकापर्यंत गेलो. शालूताई स्कूटरवर मागे, एका अंगाला बसल्या, मांडीत रिकामा तांब्या. दत्तूनं स्कूटर सुरू केली. त्या काहीतरी बोलल्या, माझ्यापर्यंत आवाज पोचला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज माझ्यापर्यंत पोचला नव्हता. दत्तूपर्यंत पोचला असावा. त्यानं मान मागे वळवून उत्तर दिलं, त्यांनी आणखी काही विचारलं, त्यानं पुन्हा दिलं. वळणावर केळींच्या आड जाईपर्यंत दोघं बोलत होती.